महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सेवा : शासकीय रचना व कार्यपद्धती

प्रस्तावना :

वार्धक्य ही मानवी जीवनातील अटळ अवस्था आहे. संयुक्त कुटुंबपद्धतीत वृद्धांचा सांभाळ हे कुटुंबाचे स्वाभाविक कर्तव्य मानले जात असे. औद्योगिकीकरण, स्थलांतर व विभक्त कुटुंबपद्धती यांमुळे ही व्यवस्था शिथिल झाली आणि वृद्धांच्या प्रश्नाला सार्वजनिक स्वरूप प्राप्त झाले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. महाराष्ट्रात ती सुमारे १.११ कोटी, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या जवळपास १० टक्के होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काचा उल्लेख आहे. हे तत्त्व प्रत्यक्षात आणणारी शासकीय यंत्रणा कशी रचलेली आहे, याचे विवेचन करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१) प्रशासकीय रचना :

राज्यात या विषयाची मुख्य जबाबदारी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडे आहे. विभागाच्या नावातील दोन शब्दसमूह हे वस्तुतः कामाचे दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. पहिला प्रवाह समाजकल्याणाचा होय. मंत्रालय, पुणे येथील समाज कल्याण आयुक्तालय, विभागीय पातळीवरील प्रादेशिक उपायुक्त व जिल्ह्यातील सहायक आयुक्त अशी त्याची उतरंड आहे. वृद्धाश्रम व ज्येष्ठ नागरिक धोरण हे विषय या प्रवाहात येतात. दुसरा प्रवाह विशेष सहाय्याचा, म्हणजे मासिक अर्थसाहाय्याचा आहे. त्याची अंमलबजावणी महसूल यंत्रणेमार्फत, म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार व तलाठी यांच्यामार्फत होते. याखेरीज आरोग्य, गृह व परिवहन हे विभाग आपापल्या सेवा स्वतंत्रपणे देतात.

२) अर्थसाहाय्य :

केंद्र शासनाच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वर्षे वयोगटासाठी दरमहा २०० रुपये व ८० वर्षांपुढे ५०० रुपये आहे. हा वाटा तुटपुंजा असल्याने राज्य शासन श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून त्यात भर घालते. या योजनेसाठी वयाची अट ६५ वर्षे आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्यांना केंद्र व राज्य यांचे एकत्रित साहाय्य मिळते. यादीत नाव नसलेल्या, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या वृद्धांचा भार राज्य उचलते. २०२३ मध्ये मासिक साहाय्य १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले.

अर्ज तहसील कार्यालयात सादर होतो. त्यासोबत वयाचा, उत्पन्नाचा व राज्यातील किमान १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. तहसीलदार सदस्य-सचिव असलेली तालुकास्तरीय समिती पात्रता ठरवते. मंजुरीनंतरही लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

येथे एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. २१,००० रुपयांची वार्षिक मर्यादा म्हणजे संपूर्ण कुटुंबासाठी दरमहा १,७५० रुपये होत. मोलमजुरी करणाऱ्या मुलाचे उत्पन्न प्रामाणिकपणे मोजल्यास वृद्ध आई अपात्र ठरते. तो मुलगा आईला सांभाळतो की नाही, हा प्रश्न उत्पन्नाच्या दाखल्यात कोठेच येत नाही.

३) कायदेशीर संरक्षण :

नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये शोधावे लागते. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू असून २०१० मध्ये राज्याचे नियम तयार झाले. उपविभागीय अधिकारी हे निर्वाह न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी असतात. ज्येष्ठ नागरिक स्वतः किंवा त्याने प्राधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरणाला स्वतःहूनही दखल घेता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असून अपवादात्मक स्थितीत ३० दिवसांची एकदाच मुदतवाढ मिळते. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे.

कलम २३ विशेष महत्त्वाचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. अशी अट असणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निर्णयात मात्र या कल्याणकारी कायद्याचा अर्थ उदारपणे लावावा, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. म्हणून बक्षीसपत्र करतानाच सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत नोंदवणे हिताचे ठरते.

४) निवारा, प्रवास व अन्य सेवा :

स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना शासन अनुदान देते. १९९५ नंतर मातोश्री वृद्धाश्रम योजनेने त्यात भर घातली. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ६५ वर्षांपासून निम्मे भाडे आकारले जाते, तर ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर झाली. चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना ३,००० रुपये एकरकमी देण्याची तीत तरतूद करण्यात आली. माहिती व मार्गदर्शनासाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

५) रचनेतील मर्यादा :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सेवांची विभागणी शासकीय खात्यांच्या सोयीने झालेली आहे, वृद्ध व्यक्तीच्या गरजेनुसार नव्हे. जुलै २०१८ च्या राज्य धोरणानुसार ६० वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. तथापि श्रावणबाळ योजनेसाठी ६५ व मोफत प्रवासासाठी ७५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा २१,००० रुपये, तर वयोश्री योजनेची दोन लाख रुपये ठेवण्यात आली. परिणामी प्रत्येक दारी स्वतंत्र दाखले द्यावे लागतात. एकट्या राहणाऱ्या, निरक्षर वा विधवा वृद्धेच्या दृष्टीने योजना अस्तित्वात असणे आणि ती हाती पडणे यांत मोठे अंतर राहते.

समारोप :

महाराष्ट्राने वृद्धांसाठी अर्थसाहाय्य, कायदा, निवारा व सवलती अशी व्यापक चौकट उभी केली आहे. या चौकटीला जोडणारा दुवा मात्र क्षीण आहे. तालुका पातळीवर सर्व योजनांसाठी एकच अर्ज व एकच पडताळणी, तसेच उत्पन्नमर्यादेचा ठरावीक काळाने फेरविचार, या दोन सुधारणा प्राधान्याने होणे आवश्यक आहे. या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दत्तक गावातील पात्र परंतु वंचित वृद्धांची यादी करून त्यांचे अर्ज भरून देणे, हे विद्यार्थ्यांसाठी सामाजिक शास्त्रांचे प्रत्यक्ष शिक्षण ठरेल. वृद्धांना मिळणारे साहाय्य ही दया नसून तो संविधानाने मान्य केलेला हक्क आहे, ही जाणीव यंत्रणेत व समाजात रुजणे हीच या व्यवस्थेची खरी कसोटी होय.