सुया मोजायच्या की मापायच्या? कुंडीतल्या पाइनची ओळख

मंडळी, मागच्या वेळी आपण 'लक्षण' या शब्दापाशी थांबलो होतो. एखादी वस्तू इतर सगळ्यांपासून वेगळी काढून दाखवणारा धर्म म्हणजे तिचं लक्षण. तर्कसंग्रहावरच्या आपल्याच टीकेत अन्नंभट्टांनी यासाठी गायीचं उदाहरण घेतलं आहे. 'कपिल रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढऱ्या गायी सुटून जातात, ही अव्याप्ती. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. आणि 'एकसंध खुराची' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. म्हणून गळ्याखाली लोंबणारी पोळी हे गायीचं लक्षण धरतात.

ही कसोटी आज आपण बोन्साय केलेल्या पाइनवर लावून बघू. पाइनच का, असं कुणी विचारेल. कारण या कलेत माणूस नेमक्या त्याच गोष्टी बदलतो, ज्यांवरून आपण एरवी झाड ओळखतो. उंची तर गेलीच. खोडाला तारेने हवा तो बाक दिला जातो. मोकळ्या जमिनीत जपानी काळ्या पाइनची सुई साधारण 7 ते 12 सेंटिमीटर लांब असते. चांगल्या हाताखाली वाढलेल्या कुंडीत तीच 2-3 सेंटिमीटरवर येते. मग पुस्तक उघडून, पट्टी लावून, 'सुई आखूड, म्हणजे अमुक जात' असं ठरवणाऱ्याच्या हाती काय लागतं? माळ्याचं कसब. झाडाची जात नव्हे. आपल्याला असा धर्म हवा जो कात्रीने आणि तारेने बदलत नाही.

पण त्याआधी, समोरचं झाड पाइन आहे तरी का? आपल्या कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. इंग्रजीत त्याला बिनदिक्कत 'ऑस्ट्रेलियन पाइन' म्हणतात, आणि त्याचे बोन्सायही केले जातात. सुरूची 'सुई' हातात घेऊन हलकेच ओढा. ती पेराशी सुटते, आणि सांध्यावर बारीक दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे खरी पानं, सुई म्हणजे बारीक फांदी. सुरू फुलझाडांच्या कुळातला, पाइनशी त्याचं नातं फार लांबचं. नावावर जाऊ नये ते असं.

खऱ्या पाइनच्या सुया फांदीवर एकेकट्या येत नाहीत. बुडाशी एका लहानशा आवरणात बांधलेल्या जुडग्यात येतात. हे जुडगं अख्खं उपटून त्यातल्या सुया मोजायच्या. मापायच्या नाहीत, मोजायच्या. जपानी काळा आणि लाल पाइन, युरोपातला स्कॉट्स पाइन, आल्प्समधला म्यूगो, या सगळ्यांत दोन. हिमालयातल्या चीरमध्ये तीन. जपानी पांढऱ्या पाइनमध्ये पाच, आणि आपल्या हिमालयातल्या कैलमध्येही पाच. जुडग्यातल्या सुया एकमेकींना चिकटवून धरल्या तर गोल काडी होते. म्हणून दोनवाल्याची सुई आडवी कापली की अर्धगोल दिसते, पाचवाल्याची त्रिकोणी. पाचवाल्यांचं बुडाचं आवरण लवकर गळून पडतं, दोनवाल्यांचं टिकतं. सुई पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पाचवाल्याच्या मध्यातून एक शीर जाते, दोनवाल्याच्या मध्यातून दोन. यातलं काहीही माळ्याच्या हातात नाही.

पांढऱ्या पाइनचं जपानी नाव गोयोमात्सु, म्हणजे सरळ 'पाच पानांचा पाइन'. नावातच लक्षण. अर्थात अशा नावांवरही फार विसंबू नये. आपली सप्तपर्णी दर पेराला सात पानं देतेच असं नाही. पाइनचंही तसंच, जोमात वाढणाऱ्या फांदीवर दोनवाल्याला मधेच तिसरी सुई फुटते. म्हणून एक जुडगं पाहून निकाल देऊ नये, वेगवेगळ्या फांद्यांवरची दहा-वीस तरी पाहावीत. इथे नैयायिक भुवया उंचावेल, कारण अपवाद असलेलं लक्षण त्याला चालत नाही. सजीवांच्या बाबतीत मात्र त्याने थोडं नमतं घ्यावं असं आमचं मत आहे.

हा निव्वळ बुद्धीचा खेळ नाही. काळ्या पाइनच्या सुया आखूड करण्यासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याचे नवे कोंब पूर्ण छाटतात. जपानीत याला मेकिरी म्हणतात. काही आठवड्यांत दुसरी पालवी येते, ती आखूड सुयांची. पांढरा पाइन वर्षाला एकदाच फुटतो. त्याच्यावर हीच कात्री चालवली तर दुसरी पालवी येत नाही. फांद्या दुबळ्या होतात, वाळतात. त्याचे कोंब वसंतात थोडे खुडायचे, एवढंच. म्हणजे पाचाला दोन समजणारा माणूस झाड मारू शकतो, तेही अगदी पुस्तकाबरहुकूम.

दोनवाल्यांत काळा कोणता, लाल कोणता? कळ्या पाहा. काळ्याची हिवाळी कळी पांढरट, रुपेरी. लालाची तांबूस तपकिरी. काळ्याची सुई ताठ, तळहाताला टोचते. लालाची मऊ. लालाची साल वरच्या भागात नारिंगी-तांबूस होऊन पापुद्रे सुटतात, पण कोवळ्या झाडात ते दिसत नाही, म्हणून साल शेवटी विचारात घ्यावी. सुईच्या त्याच कापात राळेच्या नळ्याही दिसतात. लालात त्या कडेला चिकटून असतात, काळ्यात आतल्या गराच्या मध्ये. गंमत अशी की या दोघांचा निसर्गातच संकर होतो, आणि संकरात या खुणा मधल्याच कुठेतरी पडतात. तिथे 'काळा की लाल' हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

जात कळली म्हणजे झाड कळलं, असंही नाही. 1976 साली जपानमधल्या यामाकी कुटुंबाने एक पांढरा पाइन अमेरिकेला भेट दिला. तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढवला जातो आहे. तो गोयोमात्सु आहे हे तिथल्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण 6 ऑगस्ट 1945 ला तो हिरोशिमात होता आणि बॉम्बमधून वाचला, हे 2001 मध्ये यामाकींचे नातू भेटीला आले तेव्हा समजलं. सुया मोजून हे कळण्यासारखं नव्हतं. जाती आणि व्यक्ती यांतला फरक पुढच्या वेळी घ्यायचा आहे, म्हणून इथे नुसता उल्लेख.

शेवटचा पेच कलमाचा. पांढरा पाइन बऱ्याचदा काळ्याच्या खुंटावर बांधतात, कारण काळ्याची मुळं जोमदार असतात आणि साल लवकर जून दिसते. अशा झाडात वर पाच सुया, खाली काळ्या पाइनचं खोड. साल पाहणारा एक सांगेल, सुया मोजणारा दुसरं, आणि दोघंही बरोबर. बुंध्याजवळ खरबरीत साल एकदम गुळगुळीत होते तो सांधा बोटाने चाचपून पाहा. पाटीवर मग दोन नावं लिहावीत, वरचं आणि खालचं. कोंब खुडताना वरचं नाव पाहायचं. आणि सांध्याखालून काही फुटलं तर सुया मोजा. दोन भरल्या तर तो खुंटाचा फुटवा, लगेच काढून टाका, नाहीतर तो वरच्याला मागे टाकतो.

आता प्रश्न घेऊ या.