लघवीत बुरशी, पण रिपोर्टमध्ये ‘नायट्राइट निगेटिव्ह’: असे का?

मधुमेह असलेल्या आजी, आठवडाभर लघवीची नळी (कॅथेटर) होती, आता जळजळ होते आहे. लघवीच्या रिपोर्टमध्ये पू पेशी वाढलेल्या, पण ‘नायट्राइट: निगेटिव्ह’. मुलगा विचारतो, “डॉक्टर, नायट्राइट नाही म्हणजे इन्फेक्शन नाही ना?” काही घरांत तर रिपोर्ट न दाखवताच जुन्या चिठ्ठीवरचे अँटिबायोटिक पुन्हा सुरू झालेले असते. हे दोन्ही टाळायचे असेल, तर ही तपासणी नेमके काय पाहते ते समजून घेऊ.

नायट्राइट कुठून येते?

पालक, मेथी, मुळा, बीट अशा भाज्यांतून आणि पिण्याच्या पाण्यातून नायट्रेट आपल्या शरीरात जाते. त्यातले बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे लघवीत नायट्रेट असणे स्वाभाविक आहे. नायट्राइट मात्र सहसा नसते.

ई. कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस यांसारखे जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते बाहेर सोडतात. पट्टीवरील रसायनाचा नायट्राइटशी संयोग झाला की गुलाबी रंग येतो. म्हणजे ही पट्टी जंतू शोधत नाही. काही ठरावीक जंतूंनी मागे ठेवलेली खूण ती शोधते.

मग बुरशी नायट्रेट वापरत नाही का?

काही बुरशा वापरतात, काही नाही. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वापरते. नायट्रोजनशिवाय कोणत्याही सजीवाला प्रथिने बनवता येत नाहीत. अ‍ॅस्परजिलस नायट्रेट पेशीत ओढून घेते. नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम त्याचे नायट्राइट करते आणि नायट्राइट रिडक्टेज हे दुसरे एन्झाइम त्यापासून अमोनियम बनवते. पहिल्या एन्झाइमला मॉलिब्डेनम हा धातू लागतो. इथे नायट्राइट हा फक्त मधला टप्पा असतो. अमोनियमपासून पुढे अमिनो आम्ले तयार होतात.

या दोन्ही एन्झाइमांची जनुके अ‍ॅस्परजिलसमध्ये शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यावर दोन पहारेकरी असतात. एक विचारतो, “नायट्रेट उपलब्ध आहे का?” दुसरा विचारतो, “अमोनियमसारखे सोपे अन्न संपले आहे का?” दोन्ही उत्तरे ‘हो’ असली तरच जनुके पूर्ण जोमाने काम करतात. केंब्रिजमध्ये जॉन पेटमन आणि डेव्हिड कोव्ह यांनी 1960 च्या दशकात अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीवर केलेल्या कामातून या यंत्रणेचा पाया कळला.

लघवीत सर्वाधिक आढळणारी बुरशी मात्र कँडिडा असते. तिच्यातील सर्वांत नेहमीची जात, कँडिडा अल्बिकन्स, हिच्याकडे नायट्रेट वापरण्याची क्षमताच नाही. शरीरात तिला अमिनो आम्ले, युरिया असे तयार अन्न मिळते. म्हणून लघवीत कँडिडा भरपूर असली तरी ती नायट्राइटची खूण ठेवत नाही.

प्रयोगशाळेला याचा उपयोग

यीस्ट ओळखताना ती नायट्रेटवर वाढते का, हेही पाहिले जाते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस निओफॉरमन्स नायट्रेट वापरत नाही, पण तिच्या काही कमी धोकादायक नातेवाईक जाती वापरतात. इतर तपासण्यांसोबत हा फरक निदानाला मदत करतो.

‘निगेटिव्ह’ येण्याची इतर कारणे

- लघवी मूत्राशयात पुरेसा वेळ, साधारण 4 तास, साठलेली नसणे
- एन्टेरोकॉकससारखा नायट्राइट न बनवणारा जीवाणू असणे
- व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतलेल्या असणे

उलट, नमुना बराच वेळ तसाच राहिला तर बाहेरून आलेले जंतू वाढून खोटा ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. त्यामुळे शक्यतो सकाळची पहिली लघवी, जागा स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची घ्यावी आणि लगेच लॅबमध्ये द्यावी.

बुरशी आढळली तर औषध लागतेच का?

नाही. नळी असलेल्या रुग्णांत त्रास नसताना कँडिडा दिसणे नेहमीचे आहे. योनीमार्गातील कँडिडा नमुन्यात मिसळूनही असे दिसू शकते. त्रास नसेल तर बहुतेकदा गरज संपताच नळी काढणे, अनावश्यक अँटिबायोटिक थांबवणे आणि शुगर आटोक्यात आणणे एवढे पुरते. पांढऱ्या पेशी खूप कमी असलेले रुग्ण, अतिशय कमी वजनाची नवजात बाळे आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारे रुग्ण यांना त्रास नसतानाही उपचार लागू शकतात.

त्रास असेल तर कल्चर करून कोणती जात आहे ते पाहतात. अनेकदा फ्लुकोनॅझोल देतात, पण कँडिडाच्या काही जाती त्याला दाद देत नाहीत. अँटिबायोटिक बुरशीवर काम करत नाही. उलट, नेहमीचे उपयुक्त जीवाणू मेल्याने बुरशीला मोकळे रान मिळते.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

- थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणे, उलट्या
- लघवी कमी होणे किंवा अडणे
- वयस्कर रुग्ण अचानक गोंधळल्यासारखे वागणे
- गर्भवती, केमोथेरपी घेणारे किंवा किडनी प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना लघवीचा कोणताही त्रास

रिपोर्टमधील एका ओळीवरून औषध सुरू किंवा बंद करू नका. पू पेशी, सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, कल्चर आणि रुग्णाचा त्रास, हे सगळे एकत्र पाहूनच निर्णय होतो. आजींच्या मुलाला द्यायचे उत्तरही हेच: “नायट्राइट नाही, एवढेच कळले. इन्फेक्शन आहे की नाही, ते अजून पाहायचे आहे.”