पांढऱ्या पुडीची पारख

श्रोतेहो, सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर लागतो. पण पांढऱ्या पुडीचा कस कसा पाहायचा? युरिया पांढरा, औषधाची पूड पांढरी आणि जीव घेणारे सोमलही पांढरेच! नुसत्या डोळ्यांना ओळख पटत नाही, आणि जिभेला तर लावूच नये. अशा वेळी रसायनशास्त्राची एक जुनी, स्वस्त कसोटी कामी येते. ती म्हणजे द्रवणांक. घन पदार्थ ज्या तापमानाला वितळतो, तो त्याचा द्रवणांक.

तो मोजायला चिमूटभर पूडही पुष्कळ झाली. काचेची बारीक केशनळी घेऊन तिचे एक टोक ज्योतीवर बंद करतात. कोरडी, बारीक वाटलेली पूड तीत दोन-तीन मिलिमीटर भरतात आणि नळी हलकेच आपटून ती दाबून बसवतात. मग नळी तापमापकाला अशी बांधतात, की पूड पाऱ्याच्या फुग्याशेजारी येईल. ही जोडी थीले नळीतल्या तेलात सोडतात, पण केशनळीचे उघडे तोंड तेलाच्या वर ठेवतात. योहानेस थीले (१८६५–१९१८) या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची ही नळी. तिला कपासारखा कान असतो. तो कान तापवला की गरम तेल वर चढते, थंड तेल खाली येते. ढवळावे लागत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. द्रवणांक जवळ आला, की मिनिटाला एक-दोन अंशच तापमान वाढू द्यायचे. घाई केली तर तेल पुढे धावते, पूड मागे राहते आणि आकडा चुकतो. पहिला थेंब दिसला तो एक आकडा, शेवटचा कण विरघळला तो दुसरा. पदार्थ शुद्ध असेल तर या दोहोंत साधारण एखाद्याच अंशाचे अंतर पडते. भेसळ असेल तर वितळणे लवकर सुरू होते आणि लांबत जाते.

असे का, म्हणाल तर कुल्फीवाल्याकडे पाहा. तो बर्फात मीठ घालतो. शुद्ध बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ पडले की शून्याच्या खालीच वितळू लागतो. परके कण द्रवात शिरले, की मूळ कणांना पुन्हा स्फटिकात बसणे अवघड जाते.

आता एक गंमत. युरिया सुमारे १३३ अंश सेल्सियसला वितळतो आणि सिनॅमिक आम्लही जवळजवळ तेवढ्यालाच. मग दोन्ही एकच का? नाही! दोहोंचे मिश्रण करून पाहावे. ते कितीतरी आधी वितळते. खरोखर एकच पदार्थ असता, तर आकडा हलला नसता. आता विजेवर चालणारी यंत्रे आली, तरी तत्त्व हेच आहे.

शिक्षकांनो, हा प्रयोग शाळेतही जमेल. बाजारातल्या डांबरगोळ्या काही नॅप्थलिनच्या असतात, काही पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या. पहिले सुमारे ८० अंशांना वितळते, दुसरे सुमारे ५३ अंशांना. म्हणजे तेलही नको, चंचुपात्रातले पाणी पुरे. खिडक्या उघड्या ठेवा, गोळ्या लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन्ही आकडे मात्र मुलांनाच वहीत लिहू द्या. गोळी कशाची, ते त्यांचे तेच सांगतील.