रक्तदाब सांभाळणारा निरोप

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेले नातेवाईक मला एक प्रश्न वारंवार विचारतात : ‘‘साहेब, त्या सिरिंजमधून तासाला जेमतेम चार-पाच मिलिलिटर औषध जाते, त्यासाठी एवढे महाग यंत्र कशाला?’’ देणगीदारांच्याही मनात हा प्रश्न येत असणार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तथापि आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे नम्रपणे मांडत आहे.

आपण अंथरुणातून उठून उभे राहिलो, की सुमारे अर्धा लिटर रक्त पोट व पायांकडील शिरांत उतरते. तरीही निरोगी माणसास सहसा घेरी येत नाही. मान व छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांवरील ताण घटल्याची वर्दी मेंदूस पोहोचते आणि काही क्षणांतच अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते. तिचा निरोप दोन टप्प्यांत जातो. मज्जारज्जूतून निघालेला तंतू कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठीपर्यंत येतो. तेथून दुसरी चेतापेशी तो हृदय व रक्तवाहिन्यांपर्यंत नेते.

विश्रांत चेतापेशीची आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 60 ते 70 मिलिव्होल्टने ऋण असते. निरोप येताच सोडियमचे भारित कण आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि ही विद्युत लहर तंतूवरून पुढे सरकते. मात्र गाठीमध्ये दोन पेशींच्या दरम्यान मिलिमीटरच्या सुमारे 50 हजाराव्या भागाएवढी फट असते. ती लहर तेथे थांबते. तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरते, ॲसिटिलकोलीन हे रसायन फटीत सुटते आणि पलीकडच्या पेशीत नवी लहर उठते. या दुसऱ्या पेशीच्या टोकाशी बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन सुटते. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाची गती वाढते, रक्तदाब सावरतो.

हे रसायन स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी 1946 मध्ये ओळखले. काम झाल्यावर त्याचा बराचसा भाग त्याच तंतूत परत जमा होतो, हे अमेरिकेचे ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिले. बर्नार्ड कॅट्झ यांच्यासह उभयतांना 1970 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीव्र जंतुसंसर्गात रक्तवाहिन्या सैलावतात व शरीराचे स्वतःचे नॉरॲड्रेनॅलिन अपुरे पडते. तेव्हा तेच रसायन बाहेरून द्यावे लागते. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. म्हणून प्रवाह खंडित झाला की रक्तदाब कोसळतो, अधिक गेले तर तो धोकादायकरीत्या चढतो. सिरिंज पंपाची किंमत या अचूकतेची आहे, आणि वीज गेल्यावरही तो चालू ठेवणाऱ्या बॅटरीची आहे.

नातेवाइकांना एकच विनंती : पंपाचा इशारा वाजल्यास त्याला हात न लावता परिचारिकेस तत्काळ बोलवावे. आणि देणगीदारांनी निश्चिंत असावे : आपल्या देणगीतून घेतलेला प्रत्येक पंप, शरीर थकते तेव्हा त्याचे हे काम काही काळ आपल्या अंगावर घेतो.