सलालातला पाऊस

जांबोटीच्या माणसाला पावसाचे कौतुक ते काय? जून लागला की आमच्याकडे तो सुरू होतो आणि गणपतीपर्यंत थांबायचे नाव घेत नाही. लग्न होऊन ओमानला आले, तेव्हा त्याच पावसाची किंमत कळली.

यजमानांची नोकरी सलाला शहरातल्या बंदरात. आखाती नोकरी म्हणजे अकरा महिने काम आणि एक महिना रजा. कितीही वर्षे राहिलो तरी एक दिवस परत जायचेच, हे इथे सर्वांना ठाऊक. त्यामुळे कित्येक घरांत धड पडदेसुद्धा लावलेले नसतात. घर गावी, जीव गावी, इथे फक्त कॅलेंडर. मग हे अकरा महिने आयुष्यात धरायचे की नाही?

माझ्यापुरते उत्तर पावसाने दिले. 21 जून ते 21 सप्टेंबर या दिवसांना इथे 'खरीफ' म्हणतात. आपल्या शेतीतला खरीप हाच शब्द. मस्कत चाळीस अंशांच्या पुढे भाजत असते, तेव्हा इथे जेमतेम पंचविशी. आपल्याकडे येणारे नैऋत्य मोसमी वारेच या किनाऱ्यालगत वाहतात. समुद्रातले थंड पाणी वर येते, धुके दाटते आणि बोडके डोंगर हिरवे होतात. पाऊस भुरभुरच, जांबोटीसारखा धो धो नव्हे. पण रस्त्याकडेच्या नारळ, केळी, पपईच्या टपऱ्या बघितल्या की चोर्ला घाट उतरून गोव्यात आल्यासारखे वाटते.

शेजारी हुबळीच्या अक्का राहतात. भुरभुर सुरू झाली की दार वाजवतात, "मळी बंत, नोडरी!" मी चहा टाकते, त्या मिरची भजी करतात. माझी मुलगी कन्नड शिकली ती याच भज्यांवर.

मग गावी आईला फोन. घड्याळात दीड तासाचे अंतर, पाऊस मात्र एकाच वेळी. तिच्याकडचा कौलांवरचा आवाज मला ऐकू येतो. "कणकुंबीकडे जोर आहे, मलप्रभा भरली असेल," ती सांगते. आई आता एकटीच असते. तिच्या दुखण्याखुपण्यात दरवेळी जाता येत नाही. ते दुःख भज्यांनी जात नाही, आणि जाऊही नये. पण पाच मिनिटे काही न बोलता दोघींनी आपापला पाऊस ऐकायचा, एवढे सुख आमच्या वाट्याला आले आहे. ते आम्ही सोडत नाही.

परदेशी असलेल्या लेकीसुनांना म्हणूनच सांगावेसे वाटते, रजेची वाट जरूर बघा, पण घराला पडदे लावा. कुंडीत कढीपत्ता लावा, शेजारणीशी मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, बोला. आणि गावाकडच्या मंडळींनो, फोनवर "कधी येणार?" हे विचाराच. त्याआधी एकदा "आज काय केलंस?" असेही विचारा. सांगण्यासारखे पुष्कळ असते.