नोंद हरवली नव्हती, वाट चुकली होती



ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदी जोरात चालू होत्या. नोंदवहीबरोबरच संगणकावरही नोंद घ्यायला आपण तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती. माहितीचा सगळा साठा शेतकी ऑफिसातल्या एका संगणकात, आणि चौकशीच्या खिडकीवरचा संगणक केबलने त्याला जोडलेला. शेतकी ऑफिसात सर्व नोंदी बिनचूक दिसत. खिडकीवर मात्र पान उघडे, कारखान्याचे नाव येई, गाव, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख असे रकाने येत, आणि रकान्यांत काहीच नाही!

एक वयस्क सभासद भगिनी खिडकीशी आल्या. दोन एकर को ८६०३२. लेखनिकाने पाहून सांगितले, "मावशी, तुमची नोंद दिसत नाही."

"अवं साहेब, कोंब वर आलं की उसाचं! आन् नोंद कुठं गेली?"

नोंद म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. तोडीचा क्रम तिच्यावर. दीड वर्ष सांभाळलेला आडसाली ऊस वेळेवर तुटला नाही तर वजन आणि उतारा दोन्हींना मार बसतो. लेखनिकाने भल्या मनाने त्यांची त्या दिवसाच्या तारखेने कागदावर पुन्हा नोंद घेतली. आणखी काही जणांचीही तशीच घेतली. त्याला मी दोष देत नाही. रकाना रिकामा म्हणजे नोंद नाही, असेच कोणीही समजेल.

पहिला दिवस आम्ही केबल बदलण्यात घालवला. तो फुकट गेला. पान उघडते आहे म्हणजे केबल धड आहे, एवढे माझ्याही ध्यानात आले नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी पोचले नाही तर आपण काय करतो? पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि कोरडे कुठून लागले ते बघतो. संगणक विभागातल्या पोराने दुसऱ्या दिवशी तेच केले. खिडकीवरच्या संगणकावर त्याने एफ १२ ची कळ दाबली. पान कोणाकडे काय मागते त्याची यादी खाली उघडली. त्यात एक ओळ लाल. पान माहिती मागत होते ती 'लोकलहोस्ट' या पत्त्यावर.

लोकलहोस्ट, म्हणजेच १२७.०.०.१, हा प्रत्येक संगणकाचा स्वतःचा पत्ता. दहा पोरांना "घरी जाऊन पावती आण" म्हटले तर दहाजण दहा घरी जातील, त्यातली मोठी गंमत ही. शेतकी ऑफिसातला संगणक आपल्याच घरी गेला, तिथे साठा होता, म्हणून तिथे सगळे ठीक दिसले. खिडकीवरचा संगणकही आपल्याच घरी गेला. तिथे काय सापडणार? पान तयार करणाऱ्याने ते आपल्या एकट्या संगणकावर तपासले होते, दुसऱ्यावरून नाही.

पानात साठ्याच्या संगणकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा घातला. तरी माहिती येईना. माहिती देणारा प्रोग्राम फक्त घरातल्या हाकेला ओ देईल असा बसवलेला होता. तो बाहेरची हाक ऐकेल असा केला. त्यानंतर विंडोजच्या फायरवॉलने अडवले. तिथे तेवढेच एक दार, तेही आवारातल्या संगणकांपुरते, उघडले. संध्याकाळी खिडकीवर मावशींची नोंद दिसली, मूळ लागण तारखेसह.

रात्री वीज गेली आणि सकाळी पुन्हा सारे रिकामे! वीज आल्यावर राउटरने साठ्याच्या संगणकाला नवा आकडा दिला होता. आता तो आकडा कायमचा राखून ठेवला आहे.

मी हट्टाने आणखी एक बदल करून घेतला. माहिती पोचली नाही तर पानाने रिकामे राहायचे नाही, 'माहिती मिळाली नाही, शेतकी ऑफिसात विचारा' असे मराठीत दाखवायचे. संगणकवाल्यांना हे काम किरकोळ वाटले. खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्याला ते किरकोळ नाही.

त्या दिवसांतल्या दुबार नोंदी मूळ नोंदवहीशी ताडून रद्द केल्या आणि पहिलीच तारीख कायम धरली. मावशी दुसरी पावती परत द्यायला आल्या, तेव्हा पहिली त्यांनी पदराच्या गाठीतून काढून दाखवली. घडीवर घडी पडून चुरगळलेली, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती.