मेहरौलीचा झरना

दिल्लीला धबधबा आहे असं सांगितलं, तर खुद्द दिल्लीकरही हसतील. अरवलीची शेवटची बुटकी टेकाडं आणि वर्षाकाठी पाऊणशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस; इथे आंबोली किंवा ठोसेघर कुठून असणार? तरीही शहराच्या दक्षिण टोकाला, मेहरौलीच्या गजबजलेल्या बाजाराच्या पलीकडे ‘झरना’ नावाची जुनी बाग आहे. इथे पाणी कोसळायचं आणि ते बघायला बादशहापासून फेरीवाल्यापर्यंत सगळे यायचे.

निसर्गाने दिलं नाही ते इथे माणसांनी बांधून घेतलं. झरन्याच्या वरच्या अंगाला हौज-ए-शम्सी हा तलाव आहे. सुलतान इल्तुतमिशने तो १२३०च्या सुमारास पावसाचं पाणी साठवायला खोदवला. तलाव भरला की त्याचं जादा पाणी खालच्या बागेत उतरवलेलं. ते भिंतीवरून कुंडात पडे आणि पाटांमधून पुढे खेळत जाई. भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. रात्री त्यांत दिवे ठेवले की पाण्याच्या पडद्याआडून उजेड झिरपत असे.

ही बाग १७००च्या सुमाराची. ती घडवणाऱ्या नवाब गाझीउद्दीन फिरोजजंगला मराठी वाचक दुसऱ्या नावाने ओळखतात. १६८२मध्ये नाशिकजवळच्या रामसेजला वेढा घालून बसलेला औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान तो हाच. रामसेज काही त्याच्या हाती लागला नाही. पुढे पालखेडला पहिल्या बाजीरावांनी ज्याला कोंडीत पकडलं, तो निजाम-उल-मुल्क याचाच मुलगा.

पाणी मात्र फिरोजजंगाच्या कितीतरी आधीपासून लोकांना इथे ओढत होतं. चौदाव्या शतकात दिल्लीत राहिलेल्या इब्न बतूताने या हौजाचं वर्णन केलं आहे. पाणी चढलं की मधल्या घुमटीपर्यंत नावेने जावं लागे आणि कडेचं पाणी आटलं की त्या ओलीवर ऊस, काकड्या, खरबुजं लावली जात. त्याच शतकात काही लोकांनी तलावाला पाणी आणणारे प्रवाह अडवले. फिरोजशाह तुघलकाने त्यांना शिक्षा करून वाटा मोकळ्या केल्याची नोंद त्याच्याच आत्मवृत्तात आहे.

मेहरौलीच्या सहलीला जत्रेचं रूप आलं ते १८१२च्या सुमारास. मुघल बादशहा अकबरशाह दुसरा याचा मुलगा मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंट सीटनवर गोळी झाडली. नेम चुकला, पण शहजाद्याची रवानगी अलाहाबादला झाली. तो सुखरूप परतला तर मेहरौलीतल्या सूफी संत बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने बोलला होता. तो फेडताना दर्ग्यावर चादर चढली, जवळच्या जोगमाया देवळात फुलांचा पंखा वाहिला गेला आणि ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. अमरायांत झोपाळे बांधले जात, दुकानं रात्रभर उघडी राहत, झरन्यावर झुंबड उडे. १९४२च्या धामधुमीत इंग्रजांनी ही सैर बंद पाडली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पंडित नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली.

आज ही वाट पायी करायची तर मेहरौलीच्या बसतळापासून निघावं. समोरच आदमखानाची कबर आहे; लोक तिला भूलभुलैया म्हणतात. तिथून बाजाराची गल्ली सुरू होते. भांडी, कपडे, चपला, हलवायांच्या कढया, आणि दर्ग्याच्या वळणावर गुलाबाच्या पाकळ्या, चादरी, अगरबत्त्या. स्कूटरवाल्यांना वाट देत चालावं लागतं.

दर्ग्याला लागूनच मुघलांचा पावसाळी महाल, जफर महाल. शेजारच्या छोट्या आवारात शाहआलम दुसरा पुरला आहे. याच बादशहाला १७७२मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं होतं. जवळच मोकळी राहिलेली जागा बहादूरशाह जफरने स्वतःसाठी राखली होती. इंग्रजांनी त्याला रंगूनला धाडलं आणि १८६२मध्ये तो तिथेच वारला.

बाजार संपतो तिथे लोदीकालीन जहाज महाल आणि हौज. झरना तिथून हाकेच्या अंतरावर. भिंत, कोनाडे, कुंड, शेवटच्या दोन बादशहांच्या काळात भर पडलेल्या छत्र्या, सगळं जागेवर आहे. पाणी तेवढं नाही. भोवती घरं दाटली, हौजाकडे येणारे ओहोळ बुजले, तलाव आक्रसला. फिरोजशाहने मोकळ्या केलेल्या वाटा पुन्हा अडल्या आहेत आणि त्या उघडल्याशिवाय झरन्याची नुसती डागडुजी करून भागणार नाही.

जायचंच असेल तर जोराचा पाऊस होऊन गेल्यावर जावं. कुतुबमिनार मेट्रो स्थानकावरून रिक्षाने बसतळ गाठता येतं आणि पुढची सगळी पायपीट अर्ध्या दिवसात होते. सैर हल्ली पावसाळा सरल्यावर भरते. तेव्हा पंखे आणि चादरींची मिरवणूक याच बाजारातून जाते.